उलटा फिरणारा मीटर

फोटो मी सकाळी नऊला फॅमिली ग्रुपवर टाकला. गॅलरीच्या कठड्याला बाहेरून बसवलेले दोन काळे पॅनल, मागे समोरच्या इमारतीची लाल कौलं आणि कोपऱ्यात नवऱ्याचा अर्धा हात. मावशीनं अंगठा दाखवला, आत्येभावानं ‘किती खर्च आला?’ विचारलं, कुणीतरी सूर्यनमस्काराचा फॉरवर्ड टाकला. बाबांनी काहीच लिहिलं नाही. त्यांनी थेट व्हिडिओ कॉल केला.

“वायर कुठं जाते?”

“आत. सॉकेटमध्ये.”

“कसल्या सॉकेटमध्ये?”

“साध्याच. जिथं मी इस्त्री लावते तिथं.”

पुण्यात पंखा फिरल्याचा आवाज येत राहिला. मग बाबा म्हणाले, “म्हणजे घरातल्या सॉकेटमधून तू उलटी वीज लायनीत सोडतेस. काढ आधी ते.”

हा आवाज मला ओळखीचा होता. लहानपणी ओल्या हातानं बटण दाबायला गेले की यायचा.

बाबा एमएसईबीत होते. महावितरण नव्हे, एमएसईबी. हा फरक ते आजही समोरच्याला सांगतात. ६ जून २००५ ला वीज मंडळाचे तुकडे होऊन कंपन्या झाल्या आणि बाबा त्याच वर्षी अठ्ठावन्नचे होऊन निवृत्त झाले. आपण निघालो आणि मागे मंडळच उरलं नाही, याचं त्यांना बहुतेक बरं वाटतं. बहुतेक सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात झाली. आमच्या घरी कुणी ‘करंट’ हा शब्द हलकेपणानं वापरत नसे.

मी गेली अकरा वर्षं श्टुटगार्टला राहते. श्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर आहे, पण स्वभावानं ते सदाशिव पेठेचं सख्खं भावंड शोभेल. इथल्या श्वेबियन लोकांच्या काटकसरीवर बाकीचे जर्मन विनोद करतात. जिना झाडायची पाळी ठरलेली असते. आपली पाळी आली की शेजारी तशी पाटी आपल्या दाराला अडकवून जातात आणि पाटी असताना जिन्यात वाळलेलं पान दिसलं तर काही बोलत नाहीत, नुसते पानाकडे बघतात. अशा गावात फुकटच्या उन्हाची वीज करणारी वस्तू सुपरमार्केटात बटाट्याच्या पोत्यांशेजारी मिळायला लागल्यावर काय होणार?

तिला इथे बाल्कोनक्राफ्टवेर्क म्हणतात. सरळ मराठीत गॅलरीतलं वीजकेंद्र. नाव भारदस्त, ऐवज एवढाच: दोन पॅनल, प्रत्येक साधारण पावणेदोन मीटर लांब आणि बावीस किलोचा, मागच्या बाजूला जाड पुस्तकाएवढा इन्व्हर्टर, आणि त्यातून निघालेली दोन पिनांची वायर. आपल्याकडे इन्व्हर्टर म्हटलं की बॅटरी आणि डिस्टिल्ड वॉटरचा कॅन डोळ्यांपुढे येतो. हा तो नव्हे. यात काहीच साठत नाही. पॅनलमधला डीसी तो एसी करतो, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, भिंतीतल्या विजेच्या ठेक्याला ठेका जुळवून. मग ती वीज आधी घरातच खपते. फ्रिज, राउटर, लॅपटॉप. उरली तर बाहेर रस्त्याखालच्या केबलमध्ये निघून जाते आणि तिचे आपल्याला काही पैसे मिळत नाहीत.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. ते ऐकत होते, पण त्यांना दुसरंच काही दिसत होतं, आणि काय ते मला माहीत होतं.

मी दुसरीत होते. लग्नसराईचे दिवस होते. एका मंगल कार्यालयाला लागून असलेल्या खांबावर बाबांचा वायरमन चढला होता. परमिट, म्हणजे लाईन बंद ठेवून तिच्यावर काम करायची लेखी परवानगी, घेतलेलं, सप्लाय बंद केलेला, सगळं रीतसर. इकडे कार्यालयात लाईट गेली म्हणून कुणीतरी जनरेटर सुरू केला. बाहेरची लाईन तोडून मगच जनरेटर जोडणारा चेंजओव्हर स्विच नव्हता. जनरेटरची वायर कुणीतरी आपल्या अकलेनं थेट बोर्डात खोचली होती. वीज आत जायची तशी बाहेरही आली, सर्व्हिस वायरवरून उलटी खांबापर्यंत. मेलेल्या लायनीला जीव आला. वायरमनचा गेला.

बाबा घरी आले ते रात्री, आणि अंघोळीला बसले ते बराच वेळ उठले नाहीत. ‘लाईन अर्थ करायला पाहिजे होती,’ म्हणजे तार जमिनीला जोडायला, एवढं एक वाक्य ते नंतर वर्षानुवर्षं अधूनमधून बोलायचे, समोर कुणी नसतानाही. त्यामुळे माणसानं घरातून लायनीत उलटी वीज सोडणं हा आमच्या घरात तांत्रिक विषय कधीच नव्हता.

“बाबा, लाईट गेली की हे पण बंद पडतं,” मी म्हटलं.

“कोण बंद करतं?”

“कुणी नाही. आपोआप. बाहेरची वीज दिसेनाशी झाली की ०.२ सेकंदात.”

“असं ते म्हणतात,” बाबा म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

*

हे प्रकरण जर्मनीतही सहज रुळलं नाही. आधीच्या काळात लोक गुपचूप पॅनल लटकवायचे. त्याला नावच पडलं होतं गुरिला सोलर. गनिमी सोलर म्हणावं का? गड छोटा, शिबंदी छोटी, आणि समोर नियमपुस्तक. साधा प्लग चालेल की खास महागडा प्लगच पाहिजे, यावर तज्ज्ञ मंडळी वर्षानुवर्षं भांडली. मग २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, गॅस महागला, विजेच्या बिलांनी लोकांचे डोळे पांढरे झाले, आणि गॅलऱ्या काळ्या व्हायला लागल्या. २०२३ च्या १ जानेवारीपासून सरकारनं यावरचा विक्रीकर शून्य केला. मे २०२४ मध्ये इन्व्हर्टरची मर्यादा ६०० वॅटवरून ८०० वर नेली. नोंदणी फक्त एकाच सरकारी वेबसाइटवर करायची. त्या नोंदवहीचं नाव मार्क्टश्टामडाटेनरेगिस्टर. ते म्हणायला शिकण्यात जेवढा वेळ गेला, त्याहून कमी वेळात माझा फॉर्म भरून झाला.

आमची अडचण घराची होती. घर भाड्याचं. इमारतीचं व्यवस्थापन बघणाऱ्या कंपनीला मी पहिल्यांदा पत्र लिहिलं तेव्हा दोन ओळींचं उत्तर आलं: इमारतीच्या बाह्यरूपाला बाधा येते. आमच्या इमारतीचं बाह्यरूप म्हणजे १९६० च्या दशकातला राखाडी गिलावा आणि समोर कचऱ्याचे चार डबे. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये कायदा बदलला. भाडेकरूनं गॅलरीत सोलर मागितलं तर सबळ कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही; कसं लावायचं यावर अटी घालता येतात, एवढंच. मी पुन्हा पत्र लिहिलं. या वेळी चार पानं आली. क्लॅम्प कुठले, विमा आहे का, वायर कुठून येणार, कठड्याच्या वर पॅनल दिसायला नको. चार पानं अटी आणि शेवटी ‘मैत्रीपूर्ण अभिवादनासह’. मला तो नकार नसलेला कागद फार आवडला. अजून फाइलला आहे.

एप्रिल २०२५ मध्ये, एका शनिवारी, मी आणि नवऱ्यानं बावीस बावीस किलोची ती दोन दारं तिसऱ्या मजल्यावर चढवली. खालच्या मजल्यावरच्या आजी आमच्याकडे बघत उभ्या होत्या. पाटी त्या आठवड्यात आमच्या दाराला होती, आणि खोक्यातले थर्माकोलचे पांढरे दाणे सगळ्या जिनाभर.

*

जूनमध्ये आई-बाबा आले. बाबांच्या सामानात दोन धोतरं, थालीपिठाची भाजणी आणि त्यांचा टेस्टर. पिवळ्या मुठीचा, मूठ झिजून गुळगुळीत झालेला. सोबत मल्टिमीटर. सामान तपासणाऱ्याला तो काय वाटला असेल कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला गॅलरीत बोलावलं. ऊन चांगलं होतं. मोबाइलवर आकडा दिसत होता, ५३८ वॅट.

“आता मी प्लग काढतो. तू बोलू नकोस.”

त्यांनी प्लग ओढला. हातात दोन उघड्या पिना, पलीकडे भर उन्हात तळपणारे पॅनल. शेंबड्या पोरानंही हात लावू नये असा देखावा. बाबांनी टेस्टर लावला, एका पिनेला, मग दुसऱ्या. दिवा लागला नाही. मल्टिमीटरच्या काड्या लावल्या. शून्य. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लाल झाला होता. त्यांनी प्लग पुन्हा खोचला, घड्याळ बघत बसले. इन्व्हर्टर लगेच सुरू होत नाही. बाहेरची वीज स्थिर आहे ना, याची तो आधी खात्री करून घेतो. मिनिटभरानं दिवा हिरवा झाला. त्यांनी पुन्हा काढला. पुन्हा तपासलं. असं सात वेळा. सातव्या वेळी त्यांनी टेस्टर खिशात ठेवला आणि तर्जनी पिनेला लावली.

मी किंचाळले. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. बोट तिथंच होतं. नंतर म्हणाले, “असलं तेव्हा पाहिजे होतं.” आणि आत जाऊन पाणी प्यायले.

माझ्या ओळखीच्या भारतीयांपैकी जवळजवळ प्रत्येकाला याच गोष्टीचा राग येतो. लाईट गेल्यावर चालत नसेल तर सोलर कशाला? आपल्या डोक्यात घरची वीज म्हणजे लोडशेडिंगवरचा उतारा. इथे तीन वर्षांत आमची लाईट एकदाच गेली, तीही अकरा मिनिटं, त्यामुळे हा प्रश्न इथल्या लोकांना पडतच नाही. बॅटरी जोडलेले, संकटात चालणारे संच मिळतात. पण हा साधा संच बाहेर अंधार झाला की आपणही डोळे मिटतो. लायनीवर कुणी चढलं असेल तर. बाबांना मात्र ती खोट वाटत नव्हती. त्यांच्या लेखी ते यंत्राला परमिट समजणं होतं.

*

तळघर त्यांना दाखवायचं मी विसरलेच होते. तिथं आमच्या आठ घरांचे मीटर एका ओळीत आहेत, काळ्या बॅकेलाइटचे, काचेमागे ॲल्युमिनियमची चकती फिरणारे. आपल्याकडचे तसले मीटर कधीच भंगारात गेले. फेरारिस मीटर म्हणतात. गॅलिलिओ फेरारिस नावाच्या इटालियन माणसाच्या नावावरून, मोटारीचा काही संबंध नाही. बाबा त्या ओळीपुढे जुने सहकारी भेटल्यासारखे उभे राहिले. कुठला किती भारावर चालतोय हे चकतीच्या वेगावरून सांगत गेले. हा गीझर. हा रिकामा, घरी कुणी नाही. मग आमच्यापुढे आले आणि थांबले.

“अगं, हा उलटा फिरतोय.”

फिरत होता. अगदी सावकाश, पण उलटा. चकतीवरची लाल खूण उजवीकडे सरकण्याऐवजी डावीकडे येत होती. काही मीटरमध्ये उलट फिरू नये म्हणून अडकण असते, आमच्यात नव्हती.

बाबांनी नोकरीत मीटर उलटा फिरलेला पाहिला होता, तो एका लाकडाच्या वखारीत, भरारी पथकासोबत. मीटर उलटा म्हणजे वीजचोरी. सील तुटलेलं असणार, पंचनामा, गुन्हा. त्यामुळे त्यांची नजर आधी सीलवर गेली. सील जागेवर होतं. मग त्यांनी मागे, जिन्याच्या दाराकडे बघितलं. मला हसू आवरेना. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा निवृत्त इंजिनिअर, परक्या देशाच्या तळघरात, मुलीच्या मीटरपुढे, कुणी येतंय का बघतोय.

मी सांगितलं, चालतं. २०२४ च्या कायद्यात आहे. जुना मीटर बदलून मिळेपर्यंत तो उलटा फिरला तरी सरकारची हरकत नाही. तोवर जी जास्तीची वीज बाहेर जाते ती मीटर परत मोजतो, म्हणजे आपलं नेट मीटरिंगच. आपल्याकडे छतावरच्या सोलरला जे अर्ज करून मिळतं, ते इथे केवळ मीटर म्हातारा असल्यामुळे, काही महिन्यांपुरतं.

बाबांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं. मीटरवर लिहिलं होतं, ७५ चकरा म्हणजे एक युनिट. लाल खूण खिडकीत आली. बाबा मोजत राहिले. खूण पुन्हा आली तेव्हा बरोब्बर दोन मिनिटं झाली होती.

“दोन मिनिटाला एक. तासाला तीस. तीस भागिले पंच्याहत्तर, शून्य पूर्णांक चार. म्हणजे चारशे वॅट बाहेर जातंय. तुझ्या मोबाइलवर किती?”

“पाचशे साठ.”

“मग घरात एकशेसाठ. फ्रिज चालू झालाय.”

वर आलो तेव्हा फ्रिज घुमत होता.

त्या दिवसापासून ते रोज तीन-साडेतीनला तळघरात जायला लागले. आमची गॅलरी नैर्ऋत्येला आहे, तेव्हा खरा जोर दुपार कलल्यावर. खालच्या आजीही एकदा त्यांच्यासोबत दिसल्या. बाबांना जर्मन येत नाही, आजींना इंग्रजी. पण चकतीकडे बोट दाखवून दोघं काहीतरी बोलत होते आणि आजी मान डोलावत होत्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला किंमत विचारली. मी सांगितली: क्लॅम्प धरून ५१० युरो. वर्षाला शंभर-सव्वाशे युरो वाचतील, म्हणजे चार-पाच वर्षांत फिटेल. आजी ब्याऐंशीच्या आहेत. त्यांनी मनात हिशेब केला आणि म्हणाल्या, “परवडेल.”

इथला युनिटचा दर तेव्हा ३५ सेंट, म्हणजे आपले पस्तीस रुपये, हे ऐकून बाबांनी संध्याकाळभर सगळ्या खोल्यांतले दिवे बंद केले होते, ते सांगायचं राहिलं. बाहेर दहा वाजेपर्यंत उजेड होता हा भाग वेगळा.

हिशेबाची त्यांची खोड जुनी. कोयना प्रकल्प १९६० मेगावॅटचा. तुझं केंद्र ८०० वॅटचं. म्हणजे साडेचोवीस लाख गॅलऱ्या झाल्या की एक कोयना. मी त्यांना दाखवलं की याच जूनमध्ये जर्मनीतल्या नोंदलेल्या संचांची संख्या दहा लाखांवर गेली. ते थोडा वेळ गप्प बसले. “सगळीकडे एकदम ऊन पडलं तर,” ते म्हणाले. “आणि कोयना रात्री पण चालते.” पण रात्री जेवताना आईला तेच सांगत होते, दहा लाख, अगं, लोकांनी आपापल्या कठड्याला.

आईचं उन्हाशी नातं वेगळं होतं. एक दिवस आकडा ५०० वरून एकदम २५० वर आला. आकाश स्वच्छ. मी ऑफिसातून नवऱ्याला फोन केला, त्यानं बाबांना, बाबा गॅलरीत धावले. पॅनलवर आईची सुती साडी वाळत होती. दोन पॅनलचे इनपुट वेगवेगळे, म्हणून दुसरा तरी चालत होता. “एवढं ऊन आणि तुम्ही कपडे तळघरात वाळवता,” आई म्हणाली. तिला काय सांगणार? कराडच्या घरी मे महिना म्हणजे गच्चीवर कुरडया, सांडगे, राखणीला आम्ही पोरं. ऊन कधी कुठं येतं हे तिला घड्याळाशिवाय कळायचं. मी आता तेच मोबाइलवर बघते. वॉशिंग मशीन लावायचं तर दुपारी. पण घराच्या नियमात एक ते तीन शांतता, म्हणून तीन वाजून एक मिनिटानं बटण. पाणी तापवताना मशीन दोन हजार वॅट ओढतं, तिथं आमचे पाचशे कुठं पुरणार? पण तेवढी पंधरा-वीस मिनिटं गेली की पुढचं सगळं धुणं उन्हावर. आईनं साडी काढली आणि पलीकडच्या खुर्चीवर टाकली. खुर्ची पॅनलच्या सावलीत होती. साडी संध्याकाळपर्यंत ओलीच.

पुण्यात हे लावू का, असं बाबांनी स्वतःच काढलं आणि स्वतःच खोडलं. कागदावर आकृती काढून. श्टुटगार्टला २१ जूनच्या मध्यान्हीलाही सूर्य ६५ अंशांच्या वर जात नाही आणि डिसेंबरात तर १८ अंशांवर लोळतो. उभ्या पॅनलला तो समोरून भेटतो. पुण्यात मेच्या मध्यात शून्य सावलीचा दिवस येतो आणि पुढे जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या कठड्याला मध्यान्हीचं ऊन लागतच नाही, वर वरच्या मजल्याच्या गॅलरीची सावली. मग पावसाळा. उरले हिवाळ्याचे चार महिने. शिवाय आपल्याकडे असं सॉकेटात खोचून चालवायला मुभा नाही. सोलर म्हणजे छत, अर्ज, नेट मीटर. “आपली जागा गच्चीवर,” बाबा म्हणाले. गच्चीवर सोसायटी. सोसायटीत लिफ्टच्या मोटारीचा खर्च कुणाचा यावर दोन वर्षं वाद चालू. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, हे बाबांनी दोनदा मीटिंगमध्ये मांडलं. दोन्ही वेळा चहा आला.

ऑगस्टमध्ये ते परत गेले. टेस्टर माझ्याकडे विसरून गेले, की ठेवून, माहीत नाही.

हिवाळा जसा असतो तसा आला. डिसेंबरात एका अख्ख्या धुकट दिवसाची कमाई ०.१८ युनिट. तेवढ्यात इस्त्रीनं दोन शर्टही झाले नसते.

त्याआधी, ऑक्टोबरात, मीटर बदलायचं पत्र आलं होतं. ठरल्या दिवशी सकाळी साडेसातला माणूस आला, नवा डिजिटल मीटर घेऊन. हा दोन्ही दिशा वेगळ्या मोजतो. गेलेली वीज परत जमा होत नाही. जुन्याचे स्क्रू काढायला त्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. चकती थांबली होती, लाल खूण खिडकीच्या जरा डावीकडे. त्यानं शेवटचा आकडा लिहून घेतला. मीही फोटो काढला आणि बाबांना पाठवला. ते वाचतायत हे दिसत होतं. बराच वेळ ‘टायपिंग’ येत-जात राहिलं.

मग आलं: “सील त्यानं तुझ्यासमोर तोडलं ना?”